तबकडीवरचा याही

पिंप्राळ्याची सोयरीक जमवून कौतिक पाटील सोनगीरला परत आला, तेव्हा त्याच्या तोंडावर मयताला जाऊन आल्याची कळा होती. त्याने पागोटे खुंटीला अडकवले नाही की पाय धुतले नाहीत. सरळ खाटेवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केले.

शेवंताबाई चुलीपुढून उठून आली. नवऱ्याच्या पाठीकडे पाहत तिने विचारले, "काय व्हयनं? मोडनं का?"

"जमनं."

"मंग पोरगा आंधया शे का?"

"पोरगा सोनाना शे."

"मंग असं तोंड फिराईसन काबर पडनात?"

कौतिकने एक लांब सुस्कारा सोडला. "बेबानी माय," तो भिंतीलाच म्हणाला, "मी तबकडीवर चढी गऊ."

हे काय प्रकरण आहे ते शेवंताबाईला कळायला बराच वेळ लागला. झाले होते असे. पिंप्राळ्याच्या गिरधर पाटलाच्या मुलाला आपली बेबा द्यायचे ठरवून, सुपारी फोडायचा दिवस नक्की करून कौतिक आनंदाने जळगाव स्टेशनावर आला. गाडीला वेळ होता म्हणून समोरच्या हॉटेलात चहा घ्यायला बसला. हॉटेलवाल्याने नवा फोनो आणला होता. त्याने चावी दिली, सुई टेकवली, आणि पितळी कर्ण्यातून एक बाई खड्या आवाजात गाऊ लागली:

*याही कौतिक बसना जेवाले,*
*पोटले पडनी गाठ वं बाई,*
*उठाडाले जुपात बैल,*
*तरी सोडेना ताट वं बाई!*

याह्याला ताटावरून उठवायला बैल जुंपले, हे ऐकून सारे हॉटेल खदखदून हसले. शेजारच्या माणसाने कौतिकच्या मांडीवर थाप मारून विचारले, "काय पाव्हणं, असा याही पाह्यला का कधी?" कौतिकने चहा तसाच ठेवला आणि डोक्यावरून उपरणे घेऊन गाडीत जाऊन बसला.

आता हे गाणे त्याने आधी ऐकले नव्हते असे नाही. खानदेशात लग्न म्हटले की गाया, म्हणजे शिव्यांची गाणी, आल्याच. वरपक्ष जेवायला बसला की नवरीकडच्या बायका एका अंगाला उभ्या राहून नवऱ्याच्या बापाला, म्हणजे याह्याला, गाण्यातून मनसोक्त शिव्या घालतात. तो मान खाली घालून जेवतो. त्याचे कोणी वाईट वाटून घेत नाही. मांडव उतरला की ते नावही उतरते, असा रिवाज आहे. कौतिकचा थोरला मुलगा भटू, त्याच्या लग्नात तापीकाठच्या त्याच्या सासुरवाडीच्या बायकांनी हेच गाणे कौतिकवर म्हटले होते. पण मांडव उतरतो, तबकडी कुठे उतरते? ती गावोगाव फिरणार.

त्यात अन्याय असा की कौतिकइतका कमी खाणारा माणूस सगळ्या सोनगीरमध्ये नव्हता. त्याचे पोट जन्माचे नाजूक. दादर ज्वारीची भाकर, पातळ ताक आणि कधी घोटभर चहा, यापलीकडे काही पोटात गेले की तो रात्रभर ओसरीत फेऱ्या मारी. पुरणाचा मांडा दुरून पाहिला तरी त्याला आंबट ढेकर येत.

"हसतीन लोक," शेवंताबाई म्हणाली. "घडीभर हसतीन, मंग उगा बसतीन."

"गिरधर पाटील हसाव नही ना," कौतिक कळवळून म्हणाला. "तो माणूस जलमात हसना नही. त्याले समजनं तं सुपारी फुटाव नही."

बेबाची आधीची एक सोयरीक हसण्यावरूनच मोडली होती. पाहायला आलेल्या मुलाच्या मामाचे पागोटे दारात अडकून पडले, आणि कौतिकचा चुलतभाऊ पुना फिदीफिदी हसला. मंडळी पाणीही न पिता उठून गेली. त्यावर दोन आखाज्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे सण, गेल्या तरी बेबा घरीच होती. मैत्रिणी आखाजीला माहेरी यायच्या, आणि ही माहेरीच असायची. झोक्यावर बसायलाही ती आता लाजत होती. आतल्या खोलीत ती दाराला कान लावून उभी होती, हे दोघांनाही ठाऊक होते.

"मंग आसं करा," शेवंताबाई शेवटी म्हणाली. "हाई गानं तबकडीले कोनी दिनं, ते शोधा. त्याना हातापाया पडा, नाव काढाले लावा. आनि पुनाले संगे लेऊ नका."

पण पुना निघायच्या वेळी बैलगाडीत आधीच बसलेला होता.

पहिला संशय भटूच्या सासुरवाडीवर. तापीकाठच्या त्या गावी विहीण तानुबाईने दोघांना ओसरीवर बसवले, पाणी दिले, आणि कौतिकचे म्हणणे ऐकून कपाळाला हात लावला.

"गानं आम्हनंच शे, याही. पन आम्ही कसाले देवूत तबकडीले? ते मन्हा सासूनं गानं. तिलेच इचारा."

सासू भागाबाई खूप म्हातारी होती. डोळ्यांनी दिसत नव्हते, दात नव्हते, पण आवाज अजून खणखणीत होता.

"कोन उनं?"

"मी कौतिक, सोनगीरना."

"ये भाऊ. बस आठे, मन्हा समोर." म्हातारीने हाताने चाचपून तो बसल्याची खात्री केली, घसा साफ केला आणि म्हणायला सुरुवात केली. *याही कौतिक बसना जेवाले...* एकेक शब्द तबकडीवरचाच.

"आजी, हाई गानं कवयनं?"

"मनी माय म्हने. तिनी माय बी म्हने."

"आसंच?"

"आसंच. एक शबद इकडना तिकडे नही. मायनं गानं का कोनी बदलस, भाऊ?"

कौतिक बोटांवर पिढ्या मोजत राहिला. भागाबाईच्या आईच्या आईच्या काळी तो जन्मला नव्हता. त्याचा बाप जन्मला नव्हता. पुनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाना," पुना भारावून म्हणाला, "तू जलमना नही तवयपासून खाई ऱ्हायना!"

त्या दिवसापासून कौतिकचा धीर सुटला. नुसती बदनामी असती तर माणसाने सोसली असती. पण हे काहीतरी दुसरेच होते. भागाबाईचे माहेर कोणते ते विचारून तो त्या गावी गेला. तिथून कोणीतरी नंदुरबारकडचे गाव सांगितले, तिथेही गेला. त्या मुलखात त्याने कधी पाऊल टाकले नव्हते, त्याला तिथे काळे कुत्रे ओळखत नव्हते. प्रत्येक ओट्यावर तो रीतीप्रमाणे आधी आपले नाव-गाव सांगे, बायकांपुढे मांडी घालून बसे आणि हात जोडून म्हणे, "माय, ते याहीनं गानं म्हना." बायका आधी लाजत, मग पदर तोंडाला लावून हसत, आणि मग सुरू करत. आणि दर वेळी गाण्यात कौतिक निघे. एका गावी तर बायकांनी तोवर कौतिकने न ऐकलेले कडवे काढले. त्यात कौतिक पत्रावळही खात होता.

"तुमना गावमा बी तोच?" तो रडवेला होऊन विचारी.

"कवयनाच तोच," बायका म्हणत आणि आत पळत.

आणि प्रत्येक गावाच्या पारावर पुना चिलीम ओढत सांगत बसे, "तो तबकडीवरला कौतिक ऐकेल शे ना? हाऊच तो. मन्हा सख्खा चुलतभाऊ."

"पुना, तोंड मिट रे बाबा!"

"नाना, लोके इचारतस, मंग काय लबाड बोलू?"

कौतिकची भाकरही आता अर्ध्यावर आली. तो गाडीत बसून वैराण माळाकडे बघत राही. एखाद्याच्या नशिबी कर्ज असते, एखाद्याच्या नशिबी रोग असतो. आपल्या नशिबी देवाने एक ताट लिहिले, तेही रिकाम्या पोटी, असे त्याला वाटे.

शेवटी धुळ्याला रतिलाल शेठच्या फोनोच्या दुकानात तो पोचला. रतिलाल मूळचा गुजराथचा, गोड बोलणारा. त्याने गिऱ्हाइकाला गादीवर बसवले.

"कौतिकचा गाणा? कोणता देऊ? बाईचा, बुवाचा, का बेंडचा?"

"तीन शेतस?" कौतिक गादीवरून उठलाच.

"लोक मागते, कंपनी काढते. ऐका तरी!"

पहिली तबकडी तीच, हॉटेलातली. दुसरीत कोणी पुण्याकडचे बुवा होते. त्यांना शिव्या देणे शोभेना, म्हणून त्यांनी गाणे शुद्ध करून, ताना घेऊन म्हटले होते. "व्याही कौतिकराव बैसले भोजना" हे ते इतक्या भक्तिभावाने आळवत होते की दुकानात आलेल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले.

"ह्या बुवाले मनं नाव कोनी सांगं?"

"कोण सांगणार? बाईच्या रेकॉर्डमधून उचलला. नाव होता, नाव घेतला."

तिसरी तबकडी बँडची. त्यात नुसते क्लॅरिनेट आणि ढोल, शब्द एकही नाही. कौतिकच्या जिवात जीव आला. पण सुई टेकताच दुकानातली, रस्त्यावरची, समोरच्या पानाच्या टपरीवरची माणसे आपणहून गायला लागली, आणि 'कौतिक' आला की सगळी एकदम ओरडली. ही तबकडी सगळ्यांत जास्त खपते असे रतिलालने सांगितले.

"शेठ, बाई कोन शे ती?"

"शेवटपर्यंत तुम्ही ऐकता कुठे?" रतिलालने पहिली तबकडी पुन्हा लावली. गाणे संपल्यावर खरखरीतून बाईचा आवाज ठसक्यात म्हणाला, "मी सुंदरबाई धुळेकर!" रतिलालने बोट दाखवले. "मागच्या गल्लीत राहते."

सुंदरबाई पान लावत बसली होती. बाजूला एक हडकुळा पेटीवाला पेटीचा भाता दुरुस्त करत होता. कौतिकने दारातच पागोटे काढून तिच्या पायरीवर ठेवले.

"माय, मन्हा जीव ले, पन मनं नाव काढ!"

सगळी कहाणी ऐकून झाल्यावर सुंदरबाईने पानाचा विडा खाली ठेवला. "भाऊ, तू बायकास्ले इचारं, पन समोर बसीसन इचारं ना?"

"मंग कोठे बसू?"

"आरे, गाया मोकळ्या म्हनतस का कोठे? मांडवमा याही ऱ्हास, त्याना नाववर म्हनतस. मांडव नही, याही नही, तं जो मानूस समोर बठेल व्हई त्यानं नाव लेतस. नाव न लेता म्हनी तं ती गाय म्हननारीना घरवरच उलटस. हाई बठ्ठ्या बायकास्ले मालूम शे."

"माले कशी मालूम नही?"

"मांडवना बाहेर गाया म्हना, आसं कोन्या गड्यानी आजलगुन सांगं का बायकास्ले? तू पहिलाच."

तिने पुनाला पुढे बोलावून समोर बसवले आणि म्हणून दाखवले. *याही पुना बसना जेवाले...* पुनाचे हसणे एकदम थांबले.

"आनि तबकडीवर?" कौतिकने श्वास धरून विचारले. "तठे कोन व्हतं समोर?"

सुंदरबाईने पेटीवाल्याकडे मान केली. "मुंबईले त्या खोलीमा कर्णासमोर माले उभं करं. साहेब म्हने, गानं म्हन. मी म्हने, कोनावर? साहेबनं नाव गानामा बसे ना. समोर हाऊच व्हता. नाव इचार त्याले."

"कौतिक," पेटीवाला पडेल आवाजात म्हणाला. "तवापासून मी बायकोच्या माहेरी जात नाही. पाटील, तुम्ही गावोगाव हिंडून सांगत होता, ते कानावर आलं. लोकांना वाटतं, तबकडीवरचा तो सोनगीरचा. तुमचे लई उपकार झाले."

कौतिक त्या गल्लीतून बाहेर पडला तो वाऱ्यावर चालत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने ताकाऐवजी दुधाचा चहा घेतला. गाण्यातला कौतिक तो नव्हताच! भागाबाईच्या आईच्या आईने त्याचे काही वाकडे केले नव्हते. सुपारीच्या दिवशी गिरधर पाटलाला बाजूला घ्यायचे, आणि त्याने काही ऐकले असेल तर सगळे नीट उलगडून सांगायचे, असे त्याने ठरवले. सुपारीला निघताना शेवंताबाईने बजावले, "तठे बी ताकच मांगा. आनि पुनाले..." पण पुना स्टेशनाला जायच्या टांग्यात बसला होता.

जळगाव स्टेशनावरून केलेला टांगा पिंप्राळ्याच्या वेशीत शिरला तेव्हा केळीचे खांब उभारले होते, आणि बँड वाजत होता. कोणते गाणे ते कौतिकने ओळखले. दोन्ही बाजूंना माणसेच माणसे. फैजपूरकडच्या दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्याही, उभ्या होत्या. बायाबापड्या टाचा उंच करून टांग्यात पाहत होत्या आणि म्हणत होत्या, "हाच का तो? अरे, हा तर काडीसारखा हाये!" दुसरी म्हणाली, "खाणारे असेच राह्यतात, बाई. अंगी लागत नाई."

कौतिकने गिरधर पाटलाला कोठाराच्या मागे गाठले. "याही, एक सांगाचं शे."

"आधी मी सांगतो," गिरधर पाटील म्हणाला. या माणसाचा चेहरा दगडी होता, पण आज त्यावर घाम होता. "याही, मी जन्मात खोटं बोललो नाई. पण आमच्या घराण्यात सांगण्यासारखं काई नाई. ना कोणी पाटीलकी गाजवली, ना कोणी कुस्ती मारली. आमचे साडू फैजपूरचे, केळीवाले. ते म्हणे, तिकडच्या कोरड्या मुलखातली पोर कायले करून राह्यला? कोण हायेत ते लोक? तेव्हा तुमच्या पुनाभाऊनं आमच्या मानसाले टेशनावर सांगतलं होतं, ते ध्यानात आलं. मी भरल्या पंगतीत बोललो, तबकडीवरचे कौतिक पाटील माहे याही हायेत. साडूचं तोंड असं बंद झालं, याही, असं बंद झालं!"

कौतिकने वळून पुना कुठे दिसतो ते पाहिले.

"आता सारे पाह्यले आले. साडू म्हणतात, तो हा नव्हे. तसं निघालं, तर गिरधर खोटा ठरला. मंग कायची सुपारी अन् कायचं लगीन? मी घराबाहेर निघू शकत नाई." त्याने कौतिकचे दोन्ही हात धरले. "तुमी तेच ना?"

कोठाराच्या फटीतून अंगण दिसत होते. नवा सदरा घातलेला मुलगा दोन्ही हातांनी टोपी सरळ करत उभा होता. कौतिकला सोनगीरचा झोका दिसला, आणि झोक्यापासून तोंड फिरवून बसलेली बेबा दिसली. सुंदरबाई, पेटीवाला, भागाबाईची आई, तिची आई, सगळे पुरावे त्याच्या जिभेवर येऊन उभे होते. त्याने ते एकेक करून गिळले. त्या दिवशीच्या जेवणातला हा पहिला घास.

"मीच तो," कौतिक म्हणाला.

पंगतीत त्याचा पाट मधोमध मांडला होता. पाटासमोर फोनो होता. ताटात मांडे होते, खापरावर भाजलेले, टोपलीएवढाले, तुपात न्हालेले. वाढपी हात आखडता घेत नव्हता. सगळे पिंप्राळे आपले जेवण विसरून त्याच्या हाताकडे पाहत होते. साडू सगळ्यांत पुढे होते.

कौतिकने पहिला मांडा संपवला. दुसरा संपवला. तिसऱ्याला त्याच्या पोटात खरोखर गाठ पडली. त्याने दबक्या आवाजात ताक मागितले.

"ताक?" साडू मोठ्याने म्हणाले. "गाण्यात ताक कुठी हाये?"

"कोन मांगस ताक?" पुना पलीकडून ओरडला. "नानाले आनखी एक मांडा वाढा!"

मांडा आला. बायका गाऊ लागल्या, फोनो गाऊ लागला. आणि तेवढ्यात अंगणाच्या दारातून शिंगे रंगवलेली, झुली पांघरलेली बैलजोडी आत आणली गेली, दोरासकट. ती पाहताच गिरधर पाटलाच्या दगडी तोंडाला एक चीर गेली. ती वाढत वाढत कानापर्यंत पोचली, आणि तो माणूस जन्मात पहिल्यांदा हसला. मांडीवर थापा मारून, डोळे पुसून हसला. साडूंनीही मान डोलावली. "तोच हाये," ते म्हणाले. "शंकाच नाई."

जाणत्यांनी पानावर सुपारी ठेवली आणि अडकित्त्याने फोडली. सोयरीक पक्की झाली. गूळ वाटला.

"आता काई काळजी नाई, याही," गिरधर पाटील त्याच्या कानाशी येऊन म्हणाला. "लग्नाले तर मांडे हायेतच. मंग दिवाळी, मंग आखाजी, मंग देवानं दिलं तर नातवाचं बारसं. दर वेळेस तुमाले बोलावीन. मी जित्ता हाये तोवर तुमचं ताट रिकामं पडू देणार नाई."

कौतिकने मान हलवली. बोलायला जागा उरली नव्हती. तबकडी संपली, खरखरीतून सुंदरबाईने ठसक्यात आपले नाव सांगितले, आणि कोणीतरी पुन्हा चावी देऊ लागले. त्याने उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. मग तो डोळे मिटून गप बसून राहिला, आणि लोक मोठ्या आदराने बैलांचा दोर उलगडू लागले.